बेटावर अडकलेली पंगत: खुनाचे रहस्य घरच्या घरी कसे रचावे

आठ पाहुणे बेटावरच्या एका जुन्या वाड्यात जेवायला जमतात, परतीची वाट पाण्याखाली जाते, आणि पाने मांडायच्या आत वाड्याच्या धन्याचा खून झालेला आढळतो. एवढ्या चौकटीवर नागपुरातल्या कोणत्याही घरात, हॉल आणि स्वयंपाकघर एवढ्याच जागेत, साडेतीन तासांचा रंगतदार खेळ उभा करता येतो. प्रत्येक पाहुण्याच्या वाट्याला एक पात्र येते, त्या पात्राची माहिती लिहिलेले कार्ड त्याला मिळते, आणि जेवता जेवता एकमेकांना प्रश्न विचारून सगळ्यांनी खुनी शोधून काढायचा असतो. असे तयार खेळ विकतही मिळतात, परंतु त्यांतली पात्रे बहुधा लॉर्ड आणि बटलर असतात, आणि आपली आत्या बटलर झाली की पहिली दहा मिनिटे सगळे हसतात व पुढे काय बोलावे हे तिला सुचत नाही. म्हणून रहस्य स्वतःच लिहावे असे माझे मत आहे. मी आजवर पाच वेळा हा घाट घातला आहे. त्यातले दोन प्रयोग सपशेल फसले, आणि पुढचे बहुतेक सल्ले त्या दोन रात्रींनी दिलेले आहेत.

बेट कुठले घ्यावे

पहिल्या वेळी मी बेट कोकणच्या समुद्रात ठेवले होते. भरती आली, होडी अडकली, इतके सोपे वाटले होते. परंतु भरती आणि ओहोटी यांत साधारण सहा तासांचे अंतर असते, त्यामुळे मध्यरात्रीपर्यंत पाणी उतरायला हवे, हे एका पाहुण्याने मोबाइलवर शोधून सांगितले, आणि खुनाऐवजी समुद्रावरच अर्धा तास वाद झाला. नागपूरच्या माणसाला समुद्र सहलीपुरता ठाऊक असतो. उलट रपट्यावरून, म्हणजे नदीवरच्या ठेंगण्या पुलावरून, पाणी गेले, एसटी अडकली, वरच्या धरणाची दारे उघडली, या गोष्टी त्याला न सांगता कळतात.

दुसरा मोह तोतलाडोहच्या जलाशयाचा होतो. परंतु तो परिसर पेंच व्याघ्र प्रकल्पात येतो, तिथे कोणाचा खासगी वाडा कुठून आला, असा प्रश्न वनखात्यातला एखादा पाहुणा लगेच विचारतो. शिवाय विस्तीर्ण जलाशयाची पातळी सावकाश चढते, आणि रहस्याला घाईचे पाणी लागते. म्हणून मी शेवटी वैनगंगेच्या पात्रातले एक कल्पित बेट पक्के केले. वैनगंगा मध्य प्रदेशातल्या शिवनी जिल्ह्यातून येते, तिथे तिच्यावर संजय सरोवर हे धरण आहे, आणि तिथून पाणी सुटले की खाली आकाश कोरडे असतानाही नदी फुगत राहते. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांनी हे प्रत्यक्ष भोगले आहे. रहस्यासाठी या गोष्टीचा मोठा उपयोग आहे: पाऊस थांबलेला आहे, तरी पाणी चढते आहे, म्हणजे ओले झालेले काहीही पावसाने ओले झाले असे कोणाला म्हणता येत नाही.

वाडा मालगुजाराचा, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदाराचा, ठेवावा. मालगुजारी १९५१च्या सुमारास संपली, परंतु पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांना लोक आजही मामा तलाव म्हणतात, आणि वाडा, दप्तराची खोली, मुनीम, जमिनीचे वाद हे सगळे सामान त्या एका शब्दाबरोबर आपोआप येते.

दिवस ठरवताना

मे महिना टाळावा. उष्णता हे त्याचे खरे कारण नव्हे, कारण कुलर आहे. पण ज्या खोलीत कुलर चालू आहे त्या खोलीत दबक्या आवाजातली कबुली ऐकू येत नाही, आणि कुलर बंद केला तर खुनी कोण याची कोणालाच पर्वा उरत नाही. डिसेंबरात हवा उत्तम असते, पण हिवाळी अधिवेशन असते, तेव्हा सरकारी नोकरीतले, पत्रकारितेतले आणि कंत्राटे घेणारे पाहुणे ऐनवेळी येत नाहीत. आषाढ सर्वांत सोयीचा. खिडकीबाहेर खरा पाऊस असतो, आणि श्रावण लागलेला नसल्यामुळे सामिष बेत करता येतो. शनिवार आणि एकादशी तेवढी पाहून घ्यावी.

आधी सत्य, मग गोष्ट

नवखा माणूस पात्रांपासून सुरुवात करतो, कारण पात्रे लिहायला मजा येते. मीही तेच केले होते, आणि त्यामुळे माझ्या पहिल्या खेळात एकच माणूस एकाच वेळी गच्चीवर आणि विहिरीपाशी होता. सुरुवात वेळापत्रकाने करावी. संध्याकाळी साडेपाचपासून मृतदेह सापडेपर्यंत प्रत्यक्षात काय घडले, हे एका कागदावर वेळेनुसार लिहावे आणि तो कागद कोणालाही दाखवू नये. माझ्या सध्याच्या खेळाचे वेळापत्रक असे आहे.

साडेपाचला रपटा पाण्याखाली जातो. सातला नावाडी नाव बांधून वर येतो. त्या वेळी घाटाच्या वरून मोजलेल्या नऊ पायऱ्या कोरड्या असतात, आणि तिथून पुढे दर अर्ध्या तासाला एक पायरी बुडते. सव्वासातला मुनीम आठव्या पायरीवर बसून विडी ओढतो. साडेसातला पाऊस थांबतो. आठला धनी मुनिमाला दप्तराच्या खोलीत बोलावून कालव्यात गेलेल्या शेताच्या मोबदल्याची वही मागतो. तो मोबदला मुनिमाने खाल्लेला आहे. सव्वाआठला मुनीम विडीसाठी निखारा मागायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात येतो, स्वयंपाकीणबाई सांबार तोडायला परसात गेलेली असते, आणि तो पाट्यावरचा वरवंटा उपरण्याखाली घेऊन निघतो. साडेआठला खून. आठ पन्नासला मुनीम घाटावर जाऊन वरवंटा पाण्यात टाकतो, आणि त्यात त्याच्या धोतराचा काठ भिजतो. नऊच्या ठोक्याला आत्या खिडकीतून पाहते तेव्हा पाच पायऱ्या उरलेल्या असतात. नऊ चाळीसला पुतण्याला प्रेत दिसते.

(सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडचे पाहुणे असतील तर हे आधीच सांगून ठेवावे. आमच्याकडे एका पाहुण्याने इडलीबरोबरच्या सांबारावर पाच मिनिटे तपास केला होता.)

आता यातला मर्मबिंदू पाहा. धोतर ओले का, असे विचारले की मुनीम सांगतो, ‘साडेआठला मी घाटाच्या आठव्या पायरीवर बसून विडी ओढत होतो.’ तो आठव्या पायरीवर बसला होता हे खरेच आहे, फक्त सव्वासातला. खोटे बोलणारा माणूस सगळे नव्याने रचत नाही. तो खरी आठवण उचलतो आणि तिची वेळ बदलतो. परंतु साडेआठला फक्त सहा पायऱ्या कोरड्या होत्या, आठवी पाण्याखाली होती. हे कोणाच्याही कार्डावर लिहिलेले नाही. नावाड्याला सातच्या नऊ पायऱ्या ठाऊक आहेत, आत्याला नऊच्या पाच, आणि या दोन आकड्यांमधला हिशेब पाहुण्यांनी बोटांवर करायचा आहे. तो हिशेब ज्याच्या डोक्यात पहिल्यांदा जुळतो त्याचा घास हातातच थांबतो, आणि हा खेळ लिहिण्याचे सगळे श्रम मी त्या एका क्षणासाठी घेते.

मात्र केवळ या एका धाग्यावर खेळ लटकवू नये. माझा दुसरा खेळ याच कारणाने बुडाला. निर्णायक पुरावा एकाच कार्डावर होता, ते कार्ड माझ्या दिरांकडे होते, आणि भाऊजींनी ते वाचून खिशात ठेवले व जेवणाकडे लक्ष दिले. रात्री अकरापर्यंत सगळे अंधारात चाचपडत होते. तेव्हापासून मी नियम केला आहे की खुन्यापर्यंत तीन वेगवेगळ्या वाटा जाव्यात, आणि त्यांतल्या कोणत्याही दोन सापडल्या तरी उत्तर निघावे. पायऱ्या ही एक वाट. वरवंटा ही दुसरी, तिच्याविषयी पुढे लिहिले आहे. तिसरी वकिलाच्या कार्डात आहे: धन्याने संध्याकाळी सहाला त्याला सहज विचारले होते की विश्वासाने सोपवलेला पैसा कोणी खाल्ला तर काय करता येते.

कार्ड कसे लिहावे

पाहुणे सहा ते आठ असावेत. आठांपेक्षा जास्त झाले की दोन गट पडतात आणि एका गटात खुनाऐवजी प्लॉटच्या भावांवर चर्चा सुरू होते. माझी आठ पात्रे अशी: पुतण्या, थोरली आत्या, डॉक्टरीणबाई, वकील, कंत्राटदार, मुनीम, नावाडी आणि पत्रकार. सहाच पाहुणे असतील तर पत्रकार आणि कंत्राटदार गाळावेत. धन्याचे पात्र कोणालाही देऊ नये, कारण मेलेल्या माणसाला साडेतीन तास काही काम नसते. त्याऐवजी एक रिकामी खुर्ची ठेवून तिच्यावर टोपी आणि उपरणे ठेवावे. एका वर्षी मी वातावरणनिर्मितीसाठी आमच्या ह्यांच्या फोटोला हार घातला होता. पाहुण्यांना ते फार आवडले. सासूबाई मात्र पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, आणि त्यांचे काही चुकले असे मला आता वाटत नाही.

प्रत्येक कार्डात चार गोष्टी असाव्यात: तुम्ही कोण, संध्याकाळी तुम्ही काय केले व काय पाहिले, तुम्ही काय लपवत आहात, आणि तुम्हाला कशाचा शोध घ्यायचा आहे. दीडशे शब्दांपलीकडे जाऊ नये. पहिली गोष्ट आठवडाभर आधी व्हॉट्सॲपवर पाठवावी, म्हणजे आत्या नऊवारी शोधून ठेवते आणि मुनीम टोपी. उरलेल्या तीन गोष्टी खेळाच्या रात्रीच बंद पाकिटात द्याव्यात. आधी दिल्या तर नवरा-बायको एकमेकांची पाकिटे उघडतात, असा अनुभव आहे.

मुनिमाचे कार्ड मी इथे पूर्ण देते, कारण ते लिहिणे सर्वांत कठीण असते.

‘तुम्ही या वाड्याचे मुनीम. तीस वर्षे दप्तर तुमच्या हाती आहे आणि वाड्यातले सगळे तुम्हाला दिवाणजी म्हणतात. खून तुम्हीच केला आहे. कालव्याच्या मोबदल्याचे अकरा लाख तुम्ही स्वतःच्या मुलाच्या दुकानात घातले. आठ वाजता धन्याने वही मागितली. वरवंटा तुम्ही स्वयंपाकघरातून उचलला आणि नंतर घाटावरून पाण्यात टाकला. परतताना पुतण्याने तुम्हाला ओसरीवर पाहिले आहे. तुम्ही काय सांगाल: साडेआठला घाटाच्या आठव्या पायरीवर विडी ओढत होतो. निखारा मागायला स्वयंपाकघरात गेलो होतो हे नाकारू नका, कारण डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला तिथून निघताना पाहिले आहे. संशय कंत्राटदाराकडे वळवा. नाव कोणी सोडली हे त्याला विचारा.’

खुन्याला आपण खुनी आहोत हे सुरुवातीपासून ठाऊक असावे की नाही, यावर दोन मते आहेत. शेवटच्या पाकिटातच त्याला ते कळावे असे काहींना वाटते. मला ते पटत नाही. न केलेल्या गोष्टीचा ताण कोणाच्या चेहऱ्यावर दिसत नाही, आणि शेवटी ‘अरे, मीच होतो का!’ असे खुन्यानेच म्हटले तर बाकीच्या सातांचा तपास वाया गेल्यासारखा होतो. त्याच्या जोडीला एक कडक नियम सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा: खोटे बोलण्याची मुभा फक्त खुन्याला आहे. बाकीच्यांनी गुपित स्वतःहून सांगू नये, विषय बदलावा, रागवावे, पाणी प्यायला उठावे. परंतु थेट प्रश्न आला तर खरे सांगावे. हा नियम नसेल तर हौशी पाहुणे नसलेले पुरावे निर्माण करतात आणि वेळापत्रकाची वाट लागते.

गुपित प्रत्येकाला हवे, आणि ते उघडकीला आल्यावर थोडी लाज वाटेल इतके हवे. पुतण्या कर्जात आहे आणि आठ दहाला त्याचे धन्याशी भांडण झाले. आत्याने संध्याकाळीच दागिन्यांचा डबा स्वतःच्या बॅगेत हलवला. डॉक्टरीणबाईंनी दुपारी धन्याला झोपेची गोळी दिली आणि ती चुकीची तर नव्हती ना या भीतीत त्या आहेत. पत्रकार खोट्या नावाने आला आहे. कंत्राटदाराने नावाड्याला पाचशे रुपये देऊन नाव सोडून द्यायला लावली, कारण रात्रभरात धन्याची सही घेण्याचा त्याचा बेत होता आणि कोरा स्टॅम्प पेपर त्याच्या खिशात आहे. हे शेवटचे गुपित मला विशेष प्रिय आहे. लोकांना बेटावर अडकवणारा एक आणि खून करणारा दुसरा, असे झाले की तपास अर्ध्या वाटेवर हमखास चुकीच्या माणसापाशी थांबतो, आणि तिथून तो सोडवताना खरी मजा येते.

ताटातला पुरावा

कागदावरचा पुरावा लोक वाचतात आणि बाजूला ठेवतात. ताटातला पुरावा ते खातात, म्हणून तो लक्षात राहतो. हा खेळ जेवणाचा असूनही बहुतेक लोक जेवण आणि तपास वेगवेगळे ठेवतात, याचे मला नवल वाटते.

माझ्या खेळात स्वयंपाकीणबाईंचे काम माझी धाकटी जाऊ करते. ती संशयितांत नाही. पाहुणे बसले की ती पुडाची वडी आणते आणि तिच्याबरोबर हिरवी चटणी वाढते. ही चटणी मऊसूत वाटलेली असते, गंधासारखी. पुढे मुख्य जेवणात भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा ठेचा येतो, आणि तो जाडाभरडा असतो. लसणाच्या पाकळ्या अर्ध्या तशाच, मिरचीच्या बिया दिसतात. तिखट तेच, हात तोच, मग पोत वेगळा का? वेळेवर विचारले तर ती सांगते की चटणी सातला पाट्यावर वाटली होती, आठलाही वरवंटा जागेवर होता, परंतु साडेआठला ठेच्यासाठी पाहते तर वरवंटा नाही, म्हणून खलबत्त्यात कुटला. इतक्यावरून हत्याराचे नाव आणि ते नाहीसे झाल्याची वेळ, दोन्ही हाती लागतात, आणि मग सव्वाआठला निखारा न्यायला कोण आले होते हा प्रश्न उरतो.

पहिल्यांदा ही युक्ती वापरली तेव्हा कोणीही विचारले नाही. सगळ्यांनी ठेचा मागून मागून घेतला आणि कौतुक केले. त्यामुळे आता जाऊबाईंना सूचना असते की दहा मिनिटांत प्रश्न आला नाही तर भाकरी वाढताना पुटपुटायचे, ‘या घरात वस्तू जागेवर राहतील तर शपथ!’ त्यावरही कोणी वळले नाही तर वरवंट्याविना उघडा पाटा हॉलमध्ये आणून ठेवायचा. पुरावा देताना असे तीन टप्पे हाताशी ठेवावेत: आधी केवळ दिसणारा, मग ऐकू येणारा, आणि शेवटी पायात येणारा. खरा वरवंटा न्हाणीघरातल्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवावा. ती बादली म्हणजे वैनगंगा. घाटाखाली पाण्यात शोधतो असे कोणी म्हटले तर त्याला तिथे पाठवावे.

ताटात पुरावा म्हणजे घासात वस्तू नव्हे. नाणे, किल्ली, अंगठी असे काहीही अन्नात घालू नये, आणि शेंगदाणे किंवा इतर कशाची ॲलर्जी आहे का हे आमंत्रण देतानाच विचारावे.

मुख्य रस्सा सावजी ठेवायचा असेल, मटणाचा किंवा पाटवडीचा, तर त्याची वेळ नीट सांभाळावी. दुसरी प्रश्नफेरी संपल्यावरच तो आणावा. उलटतपासणीच्या आधी सावजी वाढला तर आठही जणांच्या कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी आणि बोलताना चाचरणे सुरू होते, आणि मग चेहऱ्यावरून अपराधी ओळखण्याची सोयच राहत नाही.

डॉक्टर आणि वकील खरेच पंगतीत असतील तर

नागपुरात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे आणि दोन मोठी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यामुळे आठ पाहुण्यांत एखादा खरा वकील किंवा डॉक्टर निघतोच. त्यांच्यासाठी थोडा गृहपाठ करावा.

प्रेत पाहून मृत्यू आठ एकतीसला झाला असे डॉक्टरीणबाईंच्या पात्राने सांगू नये. शरीर थंड होणे, स्नायू ताठर होणे आणि रक्त खालच्या बाजूला साकळणे या खुणा हवामान, शरीरयष्टी आणि कपडे यांप्रमाणे बदलतात; ताठरता सहसा पापण्या, जबडा आणि चेहरा यांत आधी जाणवते आणि मग हातापायांत. उन्हाळ्यात तापमान पंचेचाळिशीला पोहोचले की हवाच शरीरापेक्षा गरम असते, तेव्हा प्रेत थंड होण्याचा हिशेब निरर्थक ठरतो. म्हणून कार्डावर ‘आठ ते नऊच्या दरम्यान’ इतकेच लिहावे. नेमकी वेळ ठेच्याने आणि पायऱ्यांनी ठरवावी. खेळ त्यामुळे अधिक प्रामाणिक होतो.

कायद्याचे सांगायचे तर १ जुलै २०२४ पासून खुनाला तीनशे दोन म्हणण्याची सोय राहिलेली नाही. भारतीय न्याय संहितेत खुनाच्या शिक्षेचे कलम १०३ आहे. जुन्या सवयीने माझ्या कार्डावर ३०२ राहून गेले होते, आणि आमच्या वकील पाहुण्यांनी पुढचा अर्धा तास मुनिमाच्या बाजूने त्याचा वापर केला. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हेही त्यांनीच सर्वांना ऐकवले. बेटावर मात्र सकाळपर्यंत पोलीस पोहोचू शकत नाहीत, आणि ही अडचण आपल्या फायद्याची आहे. पाहुण्यांनाच पंच करावे आणि पंचनामा लिहायला लावावा: खुर्ची कुठे, टोपी कुठे, खिडकी उघडी की बंद, वहीचे पान फाटलेले की शाबूत. पंचनामा हा शब्द ऐकताच मराठी माणूस गंभीर होतो आणि सही करायच्या आधी दोनदा वाचतो.

प्रत्यक्ष रात्र

सातला पाहुणे यावेत, मोबाइल दारातल्या परडीत जमा करावेत आणि साडेसातला दिवे मालवून कंदील लावावेत. खरा कंदील शोभून दिसतो, परंतु लहान मुले किंवा पडदे जवळ असतील तर बॅटरीवरचा बरा. मग प्रास्ताविक वाचावे. दोन मिनिटांहून मोठे नको. त्यात एवढेच असावे की बेट कुठले, नाव कशी गेली, पाऊस कधी थांबला, प्रेत नऊ चाळीसला कुठे सापडले. कथेतली वेळ आणि भिंतीवरच्या घड्याळातली वेळ एक नाही, हे इथेच स्पष्ट करावे, नाहीतर साडेआठला मी तुमच्यासमोर वडी खात होतो, असा निरुत्तर करणारा बचाव पुढे येतो.

पहिली फेरी वडीबरोबर, चाळीस मिनिटांची, आणि तिच्यात प्रत्येकाने उभे राहून आपली हकिगत सांगावी. गप्प पाहुणे इथेच कळतात. त्यांच्याकडे जाऊन पात्राच्या नावाने थेट प्रश्न विचारावा: ‘आत्या, तुम्ही नऊला खिडकीशी काय करत होतात?’ दुसरी फेरी मोकळी असावी, दोघातिघांनी कोपऱ्यात, गॅलरीत, जिन्यावर कुजबुजायची. यजमानाने या वेळी काहीही सुचवू नये. फक्त कोणता पुरावा कोणाला कळला याची मनात नोंद ठेवावी, आणि तीनपैकी एकही वाट सापडलेली नसेल तरच जाऊबाईंना खूण करावी. मग मुख्य जेवण. साडेनऊच्या सुमारास पंचनामा, आणि दहाच्या आत आरोप. प्रत्येकाने चिठ्ठीवर खुन्याचे नाव, हेतू आणि एक पुरावा लिहावा. नुसते नाव ग्राह्य धरू नये, कारण आठांत एकाचे नाव अंदाजाने कोणीही बरोबर लिहितो. नंतर चिठ्ठ्या मोठ्याने वाचाव्यात. ज्याचे नाव सर्वाधिक वेळा येते त्याच्यावर सगळे असे तुटून पडतात की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे नागपुरात मिरवून जाळतात तो पुतळा, आठवते; घरातल्या साऱ्या ईडापीडेला तोच जबाबदार असतो.

आवाजाकडे लक्ष असू द्यावे. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी असते हे सगळ्यांना ठाऊक आहे, परंतु ध्वनिक्षेपकाशिवाय मारलेली किंकाळीही चौथ्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंत पोहोचते. आमच्याकडे एकदा पुतण्याने प्रेत पाहून इतक्या मनापासून आरोळी ठोकली की सोसायटीचा चौकीदार काठी घेऊन वर आला, आणि कंदिलाच्या उजेडात आठ माणसे रिकाम्या खुर्चीभोवती उभी पाहून तो दारातच थबकला. त्याला संत्रा बर्फी देऊन सगळे समजावून सांगावे लागले. तेव्हापासून शेजारी आणि चौकीदार यांना दुपारीच कल्पना दिलेली असते. खेळण्यातले पिस्तूल किंवा खरा सुरा मात्र कोणत्याही कारणाने वापरू नये. वरवंट्याचे भय पुरेसे असते.

उलगडा यजमानाने करू नये. तो मुनिमाला करू द्यावा. साडेतीन तास जो माणूस खोटे जपत आला त्याला शेवटी खरे सांगण्याची अशी घाई झालेली असते की तो उभा राहून, टोपी काढून, आठव्या पायरीपासून सुरुवात करतो, आणि नावाडी व आत्या यांना आपापल्या आकड्यांचा अर्थ तेव्हा कळतो. त्यानंतर उरलेल्या सातांनी आपापली गुपिते सांगावीत, कारण दागिन्यांच्या डब्याविषयी कोणी विचारलेच नाही याचे आत्याला खरोखर वाईट वाटलेले असते. बर्फी याच वेळी फिरवावी. पाहुणे जाण्यापूर्वी कार्डे मोजून परत घ्यावीत, म्हणजे पुढच्या आषाढात दुसऱ्या मंडळींसाठी तोच खेळ वापरता येतो. आणि वरवंटा बादलीतून काढून, पुसून, रात्रीच पाट्यावर ठेवावा. आमच्याकडे तो एकदा बादलीतच राहिला आणि सकाळी सासूबाईंनी त्याच बादलीत पाय घातला.